जुना प्रिंटर, जुना काटा आणि जुना संगणक: अडत दुकानासाठी कमी खर्चातला अपग्रेड

सांगलीच्या मार्केट यार्डात, गणपती पेठेत किंवा तासगावच्या बेदाणा बाजारात दहा-बारा वर्षांचे संगणक अजून रोजचे काम ओढताना दिसतात. ते टिकून राहतात याचे कारण काटकसर एवढेच नाही. त्या संगणकाला तीन प्रतींची पट्टी (शेतमालाच्या विक्रीचा हिशेब) छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेला असतो, मागच्या नऊ पिनांच्या पोर्टवर वजनकाट्याची केबल असते आणि आत फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम असतो, ज्यावर दिवाणजींची बोटे न बघता चालतात. असा संगणक मंदावला की दुकानदार साहजिकच 'नवीन घेतो' म्हणतो, आणि नवीन संगणक आल्यावर कळते की त्याला ना प्रिंटरसाठीचा पॅरलल पोर्ट आहे, ना काट्यासाठीचा सीरियल, आणि जुना प्रोग्राम तर उघडायलाच तयार नाही. म्हणून अशा ठिकाणी अपग्रेडचा विचार प्रोसेसरपासून सुरू न करता मागच्या बाजूच्या केबलींपासून सुरू करावा. वेग पैसे देऊन नंतरही मिळतो, पण एकदा गमावलेला पोर्ट आणि बदललेली विंडोज यांनी अडलेले काम ऐन हंगामात सुटत नाही.

पुढील विवेचनात उदाहरण म्हणून एक नेहमीचा संच धरला आहे: एच६१ चिपसेटचा बोर्ड, दुसऱ्या पिढीचा कोअर आय३, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क आणि ३२ बिट विंडोज ७. आपला बोर्ड त्याआधीचा, म्हणजे जी३१ किंवा जी४१ असला, तर जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी: नोंद

काहीही उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण, ते कोणत्या पोर्टवर आहे, कोणता प्रोग्राम ते वापरतो आणि त्याचा ड्रायव्हर ३२ बिट आहे की ६४ बिट, हे लिहून काढावे. प्रिंटर पंचवीस छिद्रांच्या पॅरलल पोर्टवर आहे की यूएसबीवर, काटा कॉम १ या सीरियल पोर्टवर आहे की कॉम २ वर, जुन्या डीटीपी किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लॉक (नक्कल रोखणारे छोटे उपकरण) पॅरलल पोर्टवर बसवलेले आहे का, कीबोर्ड गोल पिनेचा आहे का, हे सगळे त्यात यावे. मागच्या बाजूचा मोबाइलने फोटो काढावा. संगणक सुरू करून बायोसमध्ये (बोर्डाच्या अंगभूत मांडणीच्या पानांत) जावे आणि पॅरलल व सीरियल पोर्टचे पत्ते, तसेच साटा (डिस्कची जोडणी) आयडीई या जुन्या रीतीत आहे की एएचसीआय या नव्या रीतीत, त्या पानांचेही फोटो काढावेत. पॅरलल पोर्टचा नेहमीचा पत्ता ३७८, कॉम १ चा ३एफ८ आणि कॉम २ चा २एफ८ असतो. बायोसची बॅटरी काढल्यावर हे सगळे मूळ स्थितीत जाते, म्हणून ही नोंद आधी हवी.

बोर्डाचा नेमका मॉडेल क्रमांक सीपीयू-झेड या मोफत प्रोग्राममध्ये दिसतो, शिवाय तो बोर्डावर छापलेलाही असतो. त्या क्रमांकावरून निर्मात्याची पुस्तिका उतरवून घ्यावी, कारण पुढे पोर्टच्या पिनांसाठी तिची गरज पडणार आहे.

दुसरी पायरी: बॅकअप

हिशेबाच्या प्रोग्रामचे संपूर्ण फोल्डर, डीबीएफ म्हणजे डेटाच्या फाइलींसह, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवावे, आणि त्यातली एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी. सांगलीत ही सूचना वेगळी समजावून सांगायची गरज नसावी. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी पेठांमध्ये शिरले तेव्हा ज्यांचा बॅकअपचा पेनड्राइव्ह संगणकाच्याच टेबलाच्या खणात होता त्यांना त्याचा काय उपयोग झाला असेल, हे उघड आहे.

फोल्डर उतरवल्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून हार्ड डिस्कची प्रकृती पाहावी. 'रीअॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळींत शून्याऐवजी आकडा दिसला आणि तो वाढत असला, तर त्या डिस्कवर आणखी कसलेही प्रयोग न करता लगेच तिची प्रतिकृती काढावी. क्लोनझिला या मोफत साधनाने हे काम होते. मात्र त्यात मूळ डिस्क आणि लक्ष्य डिस्क निवडताना घाई करू नये. दोन्हींचे आकारमान आणि निर्मात्याचे नाव वाचून मगच होकार द्यावा, कारण उलट निवड झाली तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर बसते.

तिसरी पायरी: सफाई

हळदीच्या पेठेतील संगणकाच्या पंख्यावर जी पिवळसर, थोडी चिकट धूळ बसते ती नुसत्या फुंकरीने जात नाही. वीज काढून, ब्लोअरने पंख्याची पाती बोटाने धरून हवा मारावी (पाती मोकळी फिरू दिल्यास पंख्याचे बेअरिंग बिघडते), उष्णताशोषक उतरवून वाळलेली थर्मल पेस्ट स्पिरिटने पुसावी आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बदलून टाकावी. ती ३ व्होल्टची असते आणि तिच्यासाठी मीटर लावत बसण्यापेक्षा नवी घालणे स्वस्त पडते. प्रोसेसरच्या भोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले, तर त्या बोर्डावर पुढचा खर्च करू नये. त्या परिस्थितीत शेवटचा भाग आधी वाचावा.

एसएमपीएसबाबत (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीबाबत) एवढेच की तो पाच-सात वर्षांपेक्षा जुना असेल आणि बिनओळखीच्या कंपनीचा असेल, तर तो बदलावा. नव्या एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, फिरते भाग नसलेल्या डिस्कला) वीज फारच थोडी लागते, पण खराब एसएमपीएस जाताना बाकीचेही सोबत घेऊन जातो.

चौथी पायरी: एसएसडी आणि रॅम

बजेटमधला पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा. हार्ड डिस्कचे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला काही मिलिसेकंद घेते, त्यामुळे विखुरलेले लहान तुकडे ती सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच वाचू शकते. साध्यातली साधी एसएसडी तेच हजारोंनी वाचते. विंडोज सुरू होणे, प्रोग्राम उघडणे, डीबीएफची अनुक्रमणिका पुन्हा बांधणे ही सगळी कामे याच विखुरलेल्या वाचनाची असतात. एच६१ बोर्डावर साटाचा वेग ३ गिगाबिटचाच आहे, म्हणून एसएसडीच्या खोक्यावर लिहिलेला ५०० मेगाबाइटच्या पुढचा वेग तिथे मिळणार नाही, परंतु वरील कारणामुळे त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. २४० किंवा २५६ जीबी पुरते. महागडी एसएसडी अशा बोर्डावर घालू नये.

जुनी विंडोज तशीच नव्या एसएसडीवर न्यायची असेल तर बायोसमधील साटाची रीत बदलू नये. आयडीईवर बसवलेली विंडोज ७ एकदम एएचसीआयवर चालवल्यास निळा पडदा येतो. विंडोज १० मध्ये आधी सेफ बूट निवडून, मग बायोस बदलून, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून हे साधते. विंडोज ७ मध्ये आधी रजिस्ट्रीत बदल करावा लागतो, आणि त्यातून मिळणारा फायदा त्या खटाटोपाइतका नाही. जी३१ आणि जी४१ च्या बहुतेक बोर्डांवर एएचसीआयचा पर्यायच नसतो. तिथे एसएसडी आयडीई रीतीतच चालते आणि नीट चालते. एक्सपी मात्र एसएसडीवर नेऊ नये. तिला ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) ठाऊक नाही आणि तिने आखलेले विभाग एसएसडीच्या पानांशी जुळत नाहीत.

रॅम घेताना बोर्डाची पुस्तिका जवळ ठेवावी. एच६१ ला डीडीआर३ लागते आणि दोन खाचांत मिळून १६ जीबीपर्यंत चालते. जी३१ ला डीडीआर२ लागते आणि ४ जीबीवर तिची मर्यादा संपते. जी४१ चे डीडीआर३ बोर्ड रॅमबाबत हट्टी असतात. ४ जीबीची पट्टी दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा असलेली असेल तरच ते सहसा ओळखतात. एकाच बाजूला आठ चिपा असलेली पट्टी घातल्यास संगणक नुसता बीप देतो किंवा पडदा काळाच राहतो, आणि दुकानदार 'रॅम चांगली आहे' असे प्रामाणिकपणे सांगत राहतो, कारण ती दुसऱ्या बोर्डावर खरेच चालते. विकत घेतानाच पट्टी उलटून पाहावी आणि परतीची हमी घ्यावी. ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही, त्यातलीही तीन-साडेतीनच हाती लागते. म्हणून ८ जीबी घ्यावी की नाही हे पुढच्या पायरीवर ठरते.

प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडू नये. एच६१ वर जुना आय५ बसतो, परंतु पट्टी छापणाऱ्या दुकानाला त्याचा उपयोग नाही.

पाचवी पायरी: कोणती विंडोज

हा निर्णय सर्वांत अवघड आहे. डॉसचे १६ बिट प्रोग्राम ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम या अंगभूत घटकाच्या आधारे चालतात. ६४ बिट विंडोजमध्ये, मग ती ७ असो, १० असो वा ११, हा घटकच नाही. दुसरीकडे, विंडोज ७ चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुधारणा) १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो आपल्याकडे नाही. म्हणजे जुना प्रोग्राम एका बाजूला ओढतो आणि जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच विंडोजवर बसवण्याचा हट्ट धरला की दोन्ही अर्धवट राहतात.

माझ्या मते सर्वांत सोपी वाट दोन डिस्कांची आहे. पूर्वीच्या डिस्कवरचे विभाग आधी एसएसडीत मावतील एवढे लहान करून तिची प्रतिकृती एका लहान एसएसडीवर घ्यावी आणि त्यावर ३२ बिट विंडोज ७ व जुना प्रोग्राम जसाच्या तसा ठेवावा. त्या विंडोजमधील नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून टाकावे. दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी. तिला ४ जीबी रॅम पुरते आणि अद्ययावत ब्राउझर मिळतो. संगणक सुरू करताना बूट मेनूतून (बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२) हवी ती डिस्क निवडावी. लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) चुकीच्या जागी बसण्याचा प्रश्नच राहत नाही. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे मात्र आधी पाहावे.

दिवसातून दहा वेळा दोन्हींत ये-जा करावी लागत असेल तर ही वाट त्रासदायक ठरते. अशा वेळी एकाच ६४ बिट प्रणालीवर डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस ही डॉसची नक्कल करणारी साधने वापरून जुना प्रोग्राम चालवावा. व्हीडॉस मुळातच हिशेबाच्या, केवळ मजकूर दाखवणाऱ्या डॉस प्रोग्रामांसाठी बनवलेला आहे आणि तो एलपीटीवर (पॅरलल पोर्टवर) जाणारा मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. डॉसबॉक्स-एक्समध्ये खरा सीरियल पोर्ट प्रोग्रामला जोडून देता येतो, त्यामुळे काटा वापरणाऱ्यांना तो जवळचा. दोन्हींत फाइल लॉकिंगची (एकच नोंद दोघांना एकाच वेळी बदलू न देण्याची) परीक्षा घ्यावी, विशेषतः दोन संगणकांवरून एकच डेटा उघडला जात असेल तर.

एक्सपीवरून विंडोज ७ वर येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विंडोज ७ च्या ग्राफिक्स ड्रायव्हरांवर डॉसचा पूर्ण पडदा मिळत नाही, ऑल्ट आणि एंटर दाबल्यावर नकाराचा संदेश येतो. अक्षरे मोठी हवी असतील तर खिडकीच्या गुणधर्मांत फॉन्टचा आकार वाढवावा.

सहावी पायरी: प्रिंटर

तीन प्रतींची पट्टी एका दमात उमटते ती पिनांच्या ठोक्यामुळे. इंकजेट, लेझर किंवा थर्मल प्रिंटर कार्बनखाली काहीच उमटवत नाहीत. म्हणून डॉट मॅट्रिक्स बदलण्यापेक्षा राखणे शहाणपणाचे आहे. तिसरी प्रत पुसट येत असली तर प्रिंटरला दोष देण्यापूर्वी रिबन बदलावी आणि कागदाच्या जाडीचा खटका प्रतींच्या संख्येनुसार पुढे-मागे करून पाहावा. तो कोणीतरी साफसफाईत हलवलेला असतो.

बोर्डाच्या मागे पॅरलल पोर्ट नसला तरी निराश होऊ नये. स्वस्त बोर्डांवर आत 'एलपीटी' असे छापलेली पिनांची दुहेरी रांग बऱ्याचदा असते, आणि तिला पट्टी-केबल लावून कॅबिनेटच्या मागच्या फटीत पोर्ट काढता येतो. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा पोर्ट, कारण त्याचा पत्ता ३७८ च राहतो. त्याखालोखाल पीसीआय एक्स्प्रेसचे पॅरलल कार्ड. त्याचा पत्ता मात्र वेगळा येतो, त्यामुळे विंडोजमधून छपाई होते, पण ३७८ वर थेट लिहिणारा डॉस प्रोग्राम किंवा जुने हार्डवेअर लॉक ते ओळखेलच असे नाही.

यूएसबी ते पॅरलल केबल शेवटी विचारात घ्यावी. ती केवळ यूएसबी प्रिंटर पोर्ट तयार करते, एलपीटी १ तयार करत नाही. तिच्यावर हार्डवेअर लॉक चालत नाही. छपाईसाठी मात्र एक वळसा आहे: प्रिंटर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हरने बसवावा, तो शेअर करावा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' आज्ञेने एलपीटी १ हे नाव त्या शेअरला कायमचे जोडावे. डॉस प्रोग्राम एलपीटी १ ला पाठवतो ते मग यूएसबीतून बाहेर पडते. प्रोग्रामने डॉसच्या मार्गाने छपाई केली तरच हे चालते. पोर्टला थेट हात घालणाऱ्या प्रोग्रामला नाही. नवा डॉट मॅट्रिक्स घेण्याचीच वेळ आली तर एप्सन एलएक्स-३१० सारखा, यूएसबी, पॅरलल आणि सीरियल तिन्ही असलेला घ्यावा.

सातवी पायरी: काटा

पॅरलल आणि सीरियल केबल चालू संगणकात काढू-घालू नयेत. हे पोर्ट यूएसबीसारखे चालू स्थितीत जोडण्यासाठी बनलेले नाहीत. काट्याचा आणि संगणकाचा प्लग एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर असावा, कारण दोन जागांच्या अर्थिंगमधील फरक केबलीतून वाहिला की पोर्टची चिप जाते. काट्याच्या पेटीवर वैधमापन विभागाचे सील असते. आपले काम केबलीच्या बाहेरच्या टोकापुरते ठेवावे आणि सीलला हात लावू नये.

बोर्डावर 'कॉम' असे छापलेल्या दहा जागांच्या (त्यातली एक पिन नसलेल्या) रांगेला केबल लावून हा पोर्टही मागे काढता येतो. फक्त या केबलींची अंतर्गत जोडणी दोन प्रकारची असते, म्हणून पुस्तिकेतील आकृतीशी ताडून घ्यावी. ती रांगही नसेल तर यूएसबी ते सीरियल केबल घ्यावी, आणि ती एफटीडीआय कंपनीच्या चिपची घ्यावी. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली चिपा नव्या ड्रायव्हरवर चालत नाहीत. ही केबल दुसऱ्या यूएसबी छिद्रात घातली की कॉमचा क्रमांक बदलू शकतो आणि जुन्या प्रोग्रामला कॉम ४ च्या पुढचे सहसा दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रगत मांडणीत जाऊन क्रमांक कॉम १ किंवा २ असा बांधावा, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढावी, आणि त्या यूएसबी छिद्रावर रंगाचा ठिपका देऊन ठेवावा.

तपासणी हिशेबाच्या प्रोग्राममधून करू नये. पुटी हा मोफत प्रोग्राम उघडून सीरियल निवडावे, पोर्ट आणि वेग (काट्याच्या पुस्तिकेप्रमाणे २४०० किंवा ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही) भरावा. आता काट्यावर एक पोते ठेवावे. पडद्यावर ५०.२०, ५०.२०, ५०.२० अशा ओळी भराभर सरकू लागल्या तर केबल, पोर्ट आणि वेग तिन्ही बरोबर आहेत आणि उरलेला प्रश्न प्रोग्रामच्या मांडणीचा आहे. चौकोन आणि भलतीच चिन्हे आली तर वेग चुकला आहे. काहीच आले नाही तर बहुधा दोन आणि तीन क्रमांकाच्या तारा अदलाबदल झालेल्या असतात. संगणकाच्या बाजूला दोन क्रमांकावर माहिती येते, तीनवरून जाते आणि पाच ही समाईक तार असते. काही काटे मागितल्याशिवाय वजन पाठवत नाहीत, त्यांवर प्रिंटची कळ दाबून पाहावी.

आठवी पायरी: हंगामाबाहेर पडताळणी

हे सगळे काम हळदीची आवक मंदावल्यावर काढावे. बदल झाल्यावर कालच्याच एका शेतकऱ्याची पट्टी नव्या मांडणीतून पुन्हा काढावी आणि हमाली, तोलाई, अडत व निव्वळ रक्कम जुन्या प्रतीशी जुळते का ते पाहावे. तारखेचा नमुना बदलला नाही ना, तिसऱ्या प्रतीवर आकडे वाचता येतात ना, दोन पट्ट्यांच्या मधला कागद योग्य जागी फाटतो ना, हे दिवाणजींनाच तपासू द्यावे. बारीक चुका त्यांच्याच लक्षात येतात. जुनी हार्ड डिस्क पुसू नये. तिच्यावर तारीख लिहून एक पूर्ण हंगाम ती बाजूला ठेवावी.

बोर्डच गेला असेल तर

मूळ बोर्ड दुरुस्त होण्यासारखा नसेल किंवा वरील खर्चाची बेरीज नव्या साध्या संचाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जात असेल, तर कार्यालयांतून निवृत्त झालेले डेल, एचपी किंवा लेनोव्होचे व्यावसायिक मालिकेतले संगणक पाहावेत. त्यांतील अनेकांना मागे सीरियल पोर्ट असतो आणि पॅरलल पोर्ट जोडण्याची सोय असते. फार बारीक आकाराचे मॉडेल घेऊ नये, कारण त्यात पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही. पूर्वीची डिस्क अशा संगणकाला लावून विंडोज सुरू होईलच अशी अपेक्षा ठेवू नये. ३२ बिट विंडोज नव्याने बसवून त्यावर प्रोग्रामचे फोल्डर आणावे लागेल, म्हणून त्या मॉडेलचे ३२ बिट ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावर आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहावे. विक्रेत्याकडे जाताना आपला प्रिंटर आणि पॅरलल केबल सोबत न्यावी, तिथेच चाचणीचे पान छापून घ्यावे, आणि बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक व 'सीरियल, पॅरलल पोर्ट चालू' एवढे शब्द लिहून घ्यावेत.